रुमेनाच्या खुर्चीचा वाक

१५ ऑक्टोबर, सकाळी ७
माझ्या बायकोला, रुमेनाला, जाऊन दहा दिवस झाले. मी ठीक आहे.
प्रयोगशाळेतला लेसर घरी आणला. सवय राहावी म्हणून. स्वयंपाकघरात तिच्या खुर्चीच्या फळीवर रोखला. खुर्ची ओळखणं सोपं, पायावर निळा रंग सांडलेला आहे. लाकडावर लेसर पडला की बारीक ठिपके दिसतात. फळी केसाच्या शंभराव्या भागाने हलली तरी ते सरकतात. तिच्या बसण्याने आलेला वाक अजून आहे. तो मोजायचा, बस्स. शोक वगैरे नाही.

१७ ऑक्टोबर
फळी सरळ होते आहे. ओझं उतरलं की लाकूड असंच वागतं, तीस वर्षं हेच मोजतो आहे. तरी राग आला. जरा थांबता आलं असतं.

२२ ऑक्टोबर
फ्रिजच्या धडधडीने रीडिंग बिघडतं. बंद केला. दूध नासलं. उद्यापासून नीट जेवायचं.
मी बसतो ती खुर्ची फार कुरकुरते. आधी कधी लक्षात आलं नव्हतं.

२६ ऑक्टोबर
वाकातले आणखी आठ मायक्रॉन गेले. फळीवर बटाट्याचं पोतं ठेवावंसं वाटलं. अशास्त्रीय. पंधराच मिनिटं ठेवलं.

३ नोव्हेंबर
ऑफिसातून लुचेझारचा फोन. पुलाचा सांधा मोजायचा खोळंबलाय आणि तू लेसर घरी घेऊन बसलास होय रे, म्हणाला. शुक्रवारी आणतो म्हटलं. कुठला शुक्रवार, ते बोललो नाही.

१२ नोव्हेंबर
उद्या चाळिसावा दिवस. मेव्हणी झ्लातका विधीचा गहू शिजवायला येईल, मग पाहुणे. निश्चय: त्या खुर्चीवर कुणीही बसणार नाही. पाटी लावली: ‘लेसर. बसू नये.’

१३ नोव्हेंबर, संध्याकाळी ६
पाटी वाचून झ्लातका म्हणाली, दाजी, मी नवऱ्याला घाबरले नाही, लेसरला काय घाबरते! आणि बसली. मी ओरडलो. रुमेनाची खुर्ची आहे, म्हटलं.
ती हळू आवाजात म्हणाली, अहो, ही तुमचीच की. तुमची पाठ धरायची म्हणून ताईने वसंतातच खुर्च्यांची अदलाबदल केली. आपली चांगली तुम्हाला दिली, तुमची कुरकुरणारी स्वतः घेतली. सहा महिने हिच्यावर बसलात, दाजी. ताई हसायची, ह्यांना मायक्रॉन दिसतो, खुर्ची दिसत नाही.
म्हणजे मोजला तो माझाच वाक. तिचा दुसऱ्या खुर्चीत होता. त्याच खुर्चीवर बसून मी महिनाभर रीडिंग घेतली.
पाहुणे गेले. लेसर उद्या परत करायचा.
हे उभ्याने लिहितो आहे.