आजीबाईंचे उच्चार

ती. आईस,
इथूनच तुझ्या पाया पडते.

मी बरी आहे, जेवणखाण वेळेवर होतं. तू गुडघ्याला तेल लावतेस ना? की वहिनी मागे लागायची वाट बघतेस?

मी इथे सांभाळते त्या इंग्रज आजीबाईंची अर्धांगवायूनं वाचा गेली होती. त्यांना बोलायला शिकवणाऱ्या बाई येऊन गेल्या, की आम्ही दोघी आरशासमोर बसून इंग्रजी घोकतो. "काल गेले, आज जाते, उद्या जाईन." त्यांची जीभ वळत नाही आणि त्यांची उचलठेव करून मीही थकलेली असते. पण फुकटात माझी शिकवणी होते.

काल त्यांची मुलगी आली होती. म्हणाली, "आई बोलायला लागली, पण अगदी तुमच्यासारखी!" ती हसली की रागावली, कळलं नाही. काम जाईल असं वाटत नाही, तू मनाला लावून घेऊ नकोस.

एक गंमत मात्र सांगते. खुर्चीतून उठताना आजीबाई आता चक्क "आई गं!" म्हणतात. हे मी त्यांना शिकवलं नव्हतं. मी दिवसभरात किती वेळा म्हणते, ते त्यांच्या तोंडून मला कळलं.

तुझी,
धाकटी