रोह्याच्या गणपतीचे डोळे

जोहे, ता. पेण
१८ जुलै २०२५

चि. दिपिकास बाबांचे आशीर्वाद.

इकडे आम्ही ठीक आहोत. लावणी आटोपत आली. तुझ्या आईचे गुडघे कुरकुरतात आणि ती माझ्यावर कुरकुरते, म्हणजे सगळं जागच्या जागी आहे. जावईबापूंची शिफ्ट बदलली का? फोनवर बोलता आलं असतं, पण तिथे तुझी आई कान देऊन बसते, म्हणून हे पत्र.

प्रविणच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे आखायला अजून जातो. बुबुळाची रेघ श्वास रोखूनच ओढावी लागते. गेल्या महिन्यात मध्येच खोकला आला आणि रेघ थेट गालावर गेली. प्रविण म्हणाला, "काका, दम धरवत नाय तर राहू द्या. मी करतो." मला त्याचा भयंकर राग आला. मग भीती वाटली.

पनवेलच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, त्यात डाग दिसले. तुझी आई म्हणते, "प्लास्टरची धूळ हाय ती. सोडा आता कारखाना." मी मान डोलावतो. खरं तिला सांगितलेलं नाही. नौदलात असताना जहाजाच्या बॉयलरच्या पाइपांवरचं जुनं, पांढरं अ‍ॅस्बेस्टॉस मी सोलायचो. त्यात धोका आहे हे आम्हाला कुठे ठाऊक होतं? त्याची कुसं छातीत बसतात आणि चाळीस वर्षांनी डोकं वर काढतात. ती निघत नाहीत. मी फार घाबरलोय, बाळा.

डॉक्टरांनी आणखी एक विचारलं. कामाचे कपडे घरी आणायचात का?

तुला आठवतं, क्वार्टरच्या दारात तू वाट बघायचीस? मी आलो की माझ्या अंगातल्या कामाच्या डांगरीवर दोन्ही हातांनी थापट्या मारायचीस. पांढरी भुकटी उडायची आणि तू ओरडायचीस, "पिठाचा बाबा आला!" तुझे हात खांद्यापर्यंत पोचावेत म्हणून मी मुद्दाम खाली बसायचो.

दिपा, मागच्या वेळी एसटीतून उतरून घरापर्यंत येताना तुला धाप लागली होती. वजन वाढलंय म्हणून तू हसण्यावारी नेलंस. रोह्यातच छातीचा फोटो काढून घे. उद्याच जा. ते कपडे तुझी आईच धुवायची. तिलाही मी गुडघ्यांचं निमित्त सांगून पनवेलला फोटो काढायला नेतो.

तुमच्या घरचा गणपती रंगवून ठेवलाय, डोळे तेवढे बाकी आहेत. प्रविणला हात लावू देत नाही. तुझा फोटो स्वच्छ आला की फोन कर आणि आईसमोर फक्त एवढंच विचार, "गणपती न्यायला कधी येऊ?" मला कळेल. मग कितीही खोकला येऊ दे, डोळे मीच आखीन.

दारात तुझी वाट बघणारा,
पिठाचा बाबा