खरवईच्या वासाबाबत तारांकित प्रश्न

२ नोव्हें.
थर्मास गेला. या घटनेची नोंद घ्यावी अशी वहीला नम्र पण ठाम विनंती. घरात थर्मास दोन. एकातला चहा घटकाभरात शवासनात जातो, दुसऱ्यातला संध्याकाळपर्यंत जिवंत राहतो. सुजाता जिवंतवाला घेऊन ओतूरला भावाकडे गेली. विठ्ठलवाडी डेपोत गाडी हलेपर्यंत संयम पाळला. मग खिडकीखालून म्हणालो, "पतीचा चहा हे वैवाहिक कर्तव्यात येतं."
"अहो, घाटात मला कोमट पाणी लागतं. तुम्ही टपरीवर प्या. नाहीतरी तिथेच पडलेले असता."
गाडी गेली.
दिवाळीपासून तिचा दम फार वाढलाय. डॉक्टर म्हणाले, हवा बदला. खरवईची हवा मला बदलता येत नाही, बायको हलवता येते. हलवली.

५ नोव्हें.
आमदारताईंकडे. अधिवेशनाचे प्रश्न द्यायची मुदत जवळ आलीय. संस्कृतात एम.ए. झाल्याचा आजवरचा एकमेव सरकारी उपयोग म्हणजे ताईंचे विधानसभेतले प्रश्न मी लिहून देतो. बातमीदाराने आमदाराचे प्रश्न लिहावेत का? प्रश्न उद्भवत नाही.
(आमच्या आळीतून संस्कृत घेणारा मी पहिला. बाबा म्हणाले होते, "शिक. बघू तरी एवढं काय लपवून ठेवलं होतं.")
लिहिलं: खरवई, शिरगाव परिसरात दिवेलागणीनंतर रासायनिक कारखान्यांकडून उग्र वास पसरतो, हे खरे आहे काय? असल्यास, खरवईतील एका महिलेस त्यामुळे तीव्र श्वसनविकार जडला, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली वा करीत आहे?
ताई: "पंडित, 'एका महिलेस' नको. नाव, पत्ता टाक. नाव नसलं की ते म्हणतात अशी कोणी आढळली नाही."
"नाव आमच्या हिचं आहे."
ताईंनी कागद माझ्याकडे परत सरकवला. मग, "विचार तिला."

६ नोव्हें.
सु.ला फोन. "टाका नाव. वय मात्र लिहू नका." शासनाला वय लागत नाही म्हटलं. "मग शासन बरं आहे." हसली. हसताना खोकली नाही. ओतूरची हवा.

१३ नोव्हें.
घर फार मोठं झालंय. भाताला पाणी किती घालायचं हे अजून माहीत नाही.
काल संध्याकाळी सवयीने उठून खिडकीशी गेलो. आमच्या घरची कामाची वाटणी जुनी आहे. सु.चं नाक कायम चोंदलेलं. तिला वास कळेपर्यंत छाती आवळलेली असते. म्हणून घराचं नाक मी. पहिली झुळूक आली की उठायचं, खिडक्या लावायच्या, दाराखाली ओलं फडकं सारायचं. खरं तर वर्षानुवर्षं एवढंच केलं. बाकी कामं तीच करायची.
यंदा ते फडकंही कामी येईना. वासबिस काही नसताना तिला दम लागायचा. रोग पुढे गेला म्हणायचा. दुसरं काय.

२० नोव्हें.
प्रश्न स्वीकारला गेला. म्हणजे आता प्रदूषण मंडळाचे अधिकारी माहिती गोळा करायला येणार. फोन आला: "शुक्रवारी येऊ का?" म्हटलं, शुक्रवारी कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी असते. त्या दिवशी आमच्याकडे थेट हिमालयाची हवा असते, तिच्याविषयी तक्रार नाही. कामाच्या दिवशी, संध्याकाळी या. पलीकडचा हसला. माणूस वाईट नसावा.

२६ नोव्हें.
आले. एक तरुण अधिकारी आणि हवेतली धूळ मोजणारं एक यंत्र. यंत्र गच्चीत मांडलं, ते गुरगुरत राहिलं. अधिकारी घरात बसला. बिचाऱ्याला सर्दी असावी, रुमाल सारखा नाकाला. आल्याचा चहा दिला. घेतला, पण घाईघाईने.
"मॅडम कुठायत?"
"ओतूरला. इथे श्वास घेता येत नाही म्हणून."
"म्हणजे सध्या इथे राहत नाहीत." लिहिलं.
मग विचारलं, "सर, आत्ता वास येतोय का?"
मी खिडकीशी गेलो. दीर्घ श्वास घेतला. मनात आलं, हो म्हणून मोकळं व्हावं. पण जे नाही ते आहे म्हणायचं आणि मग शासनाने खोटं बोलू नये अशी अपेक्षा करायची, हे काही जमेना. म्हणालो, "आत्ता नाही. पण येतो. रोज येतो."
त्याने माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं. "नक्की?"
"नक्की."
"मग तसं लिहून देता?"
दिलं. सही केली. खोटं न बोलल्याचं थोडं समाधानही वाटलं, तेही लिहून ठेवतो.

४ डिसें.
सु.चा फोन. मळ्यापर्यंत चालत गेली आणि न थांबता परत आली. मला तीनदा सांगितलं. शेवटी, "तुम्ही ऐकताय ना?" ऐकत होतो.

११ डिसें.
आमचं वृत्तपत्र मला अधिवेशनाला नागपूरला पाठवत नाही. कामकाज मोबाइलवर बघितलं. आमचा प्रश्न पुकारला.
मंत्री: "हे खरे नाही." पुढे, "तपासणीच्या वेळी सदर महिला घरी आढळून आली नाही."
ताई उठल्या. "मंत्रिमहोदय, ती घरी नाही कारण घरी श्वास घेता येत नाही. हेच विचारलंय."
"सन्माननीय सदस्यांच्या माहितीसाठी सांगतो. सदर महिलेच्या पतीनेच, जे स्वतः पत्रकार आहेत, वास येत नसल्याचं लेखी दिलेलं आहे."
सभागृह हसलं. मोबाइलवर हशा जरा चिरकाच ऐकू येतो.
ताई: "मग मंत्रिमहोदयांनी एक मुक्काम खरवईत करावा. जेवण माझ्याकडे."
"जेवायला नक्की येऊ, ताई." पुन्हा हशा. पुढचा प्रश्न.
संध्याकाळी ताईंचा फोन. "अरे, काय लिहून दिलंस तू? मी तिथे उभी, आणि समोरून तुझीच सही."
"ताई, त्या वेळी नव्हता येत. खोटं कसं लिहू?"
"हरिश्चंद्र कुठला." फोन ठेवला. त्यांचा आवाज रागाचा नव्हता. दमलेला होता. रागाचा असता तर बरं.

१२ डिसें.
खालच्या म्हात्रेकाकूंना जिन्यात सगळी हकीकत सांगितली. जरा विनोद करून. काकू हसल्या नाहीत.
"भाव, यंत्र आनलेला त्याच दिसाची गोष्ट करताव ना तुमी?"
"हो. बुधवार."
"त्या दिसाला तर माजी नात उलटी करून करून पिवली परली. आख्खी गल्ली दारा लावून बसलेली. आनि तुमच्या खिरक्या सताड उघऱ्या. मी बोलले पन यांना, भावाला वारा लागतंय का काय."
"वास होता?"
"काय वो भाव, मस्करी करताव काय?"
मस्करी करत नव्हतो. वर आलो.

१३ डिसें.
सकाळी स्वयंपाकघर. हिंगाची डबी उघडून नाकाशी धरली. काही नाही. जुना असेल. कापूर. काही नाही. लसूण ठेचला, डोळ्यांना पाणी आलं, नाकाला पत्ता नाही. फिनेलच्या बाटलीत जवळजवळ नाक बुडवलं. थोडं झोंबलं, वास म्हणावा असं नाही.
मग एकेक झाकण परत लावलं.

१६ डिसें.
उल्हासनगर, कान-नाक-घसा. डॉक्टर सिंधी, वयस्कर, गमत्या. नाकात नळी घालून पाहिलं.
"कब से?"
"माहीत नाही."
"यही तो बात है, साईं. कान गया तो घरवाले चिल्लाके बताते हैं. आँख गई तो खुद टकराते हो. नाक बताके नहीं जाती."
कशाने? रोजच्या वासाने असेल, जुन्या तापाने असेल, वयानेही. सांगता येत नाही म्हणाले. परत येईल? तेही सांगता येत नाही. गोळ्या दिल्यात.
परतताना वालधुनी नदीच्या, आता नाल्याच्याच, पुलावर रिक्षा अडकली. शेजारच्या बाईने पदर नाकाला लावला. मी तिच्याकडे बघून मग रुमाल काढला.

१८ डिसें.
ताईंना जाऊन सांगितलं. ऐकून घेतलं. माझ्यासमोर पाण्याचा ग्लास सरकवला.
मग म्हणाल्या, "पंडित, हे लेखी दे. डॉक्टरच्या कागदासह. पुढच्या अधिवेशनात पुन्हा उभी राहते. आता त्यांना 'खरे नाही' म्हणून बघू दे."
"देतो. पण आधी घरी सांगावं लागेल. सभागृहातलं पेपरात छापून आलं की ती वाचते."
"अजून सांगितलं नाहीस?"
"नाही."
"सांग रे बाबा."

१९ डिसें.
सु.चा फोन. रविवारी येतेय. भाऊ अजून राहा म्हणतो, ऐकत नाही. "इथे बरी झालेय म्हणजे तिथेही बरी राहीन. आणि तुम्ही आहात की खिडक्या लावायला."
हो म्हणालो.
दिवाळीत वास नसताना तिला दम लागायचा असं मी वर लिहिलंय. तिच्या डॉक्टरलाही तेच सांगितलं होतं. आता कळतं, वास असणार. खिडक्या उघड्या होत्या, ती आत श्वासासाठी धडपडत होती, आणि मी शेजारी बसून सांगत होतो की आज हवा चांगली आहे. तिने विश्वास ठेवला.
रविवारी तिला येऊ द्यावं की नको, कळत नाही. नको म्हणावं तर कारण सांगावं लागेल. येऊ दिलं तर संध्याकाळी घरात नाक कोणाचं?
बाकी मंत्री, सही, हशा, त्याचं काही नाही. मला भीती एवढीच वाटते, की ती माझ्या शेजारी गुदमरेल आणि मला कळणार नाही.