माझाच तुकडा, त्याची टाकी

रविवार, संध्याकाळ

पिंपळे गुरवला संतोषच्या घरी जाऊन आत्ताच आलो. जायलाच नको होतं.

माझ्याच कोरलचा, जिवंत प्रवाळाचा, तुकडा त्याच्या माशांच्या टाकीत फुललाय! महिन्यापूर्वी मीच कापून दिलेला, बोटाच्या पेराएवढा. समुद्री मिठाची गोणी आम्ही निम्मी-निम्मी वाटून घेतली, टाक्या दोघांच्याही जुन्या बाजारातल्या. मग त्याचा फुलतो आणि माझा मुठीसारखा मिटून का बसतो? कंपनीत माझ्या हाताखाली मशीन शिकलेला माणूस हा! माझी बायको सुजाता तर काचेपासून हलेना. वर मला विचारते, "आपला असा कधी फुलणार हो?" त्याच्यासमोर विचारायची काय गरज होती?

मग संतोष म्हणाला, "दादा, पाण्यातलं मीठ कशावर मोजता?" म्हटलं, मशीन थंड ठेवायच्या पाण्यात, कूलंटमध्ये, तेल किती ते बघतो, त्याच मीटरवर. तो जरा बिचकला. "ते मिठाला चालत नाही दादा, आकडा भलताच दाखवतं. माझं न्या ना दोन दिवस."

"पंधरा वर्षं वापरतोय ते मीटर. मला शिकवू नकोस."

खरं तर तिथंच पटलं होतं. चुकीच्या गेजनं मोजलेला पार्ट रिजेक्ट, हे त्याला मीच शिकवलं ना?

एक फोन केला की मीटर मिळेल. फोन समोरच पडलाय. माझा तुकडा मिटलेलाच आहे, असाच राहिला तर मरेल. आणि मी इथं बसून विचार काय करतोय, तर त्याचा कधी मिटेल.