मोरिनोसान आणि केदारची न फोडलेली डबी

तीर्थरूप लतिकामावशीस,
ईडन प्रेरीहून शरयूचा वाकून नमस्कार (अर्धाच वाकून, ड्राइव्हवेवरचा बर्फ काढताना कंबरेत उसण भरली आहे). तुझा गुडघा कसा आहे? व्हॉट्सॲपवर सविस्तर लिहिलं की तू नुसता अंगठा पाठवतेस, म्हणून हे पत्र ईमेल करते आहे.

तुझ्या जावयाचं दैवत म्हणजे तादाशी मोरिनो, वय ब्याऐंशी, राहणार ओसाका. हे दिग्दर्शक तरुणपणी सिनेमात तलवारीने माणसं कापायचे, उतारवयात नुसता मुळा कापतात, तोही वीस मिनिटं. (समीक्षक याला प्रगल्भता म्हणतात.) केदारने त्यांच्या सगळ्या सिनेमांच्या दुर्मीळ डिस्क जमवून देव्हाऱ्याशेजारच्या कपाटात ठेवल्यात, सगळ्या सीलबंद. सील फोडलं की म्हणे व्हॅल्यू जाते. म्हणजे भक्ताने देवाचा एकही सिनेमा पाहिलेला नाही!

काल शनिवारी मोरिनोसान मिनिआपोलिसच्या फेस्टिव्हलला आले आणि केदारने त्यांना थेट घरी जेवायला आणलं. दुभाष्या फ्लूने आडवा. "शरयू, तुला येतं ना जपानी!" असं म्हणून केदार मोकळा झाला. मावशी, पुण्यात तू मला शिकवलंस त्यातलं नमस्कार आणि 'स्टेशन कुठे आहे' एवढंच उरलंय. स्टेशन विचारून झालं, तोवर म्हातारबाबा कपाटापाशी पोचले होते. त्यांनी आपला पहिला सिनेमा बाहेर काढला आणि फोनवरच्या भाषांतरातून कळलं, की मूळ प्रिंट आगीत गेली, डिस्कच्या मोजक्याच प्रती निघाल्या आणि त्यांच्याकडे एकही उरली नाही, चाळीस वर्षं त्यांनी तो पाहिलेला नाही आणि त्यातली नायिका म्हणजे त्यांची वारलेली बायको.

एवढं बोलून त्यांनी सीलला नख लावलं.

"अगं, त्यांना सांग, नको म्हणावं!" केदार किंचाळला. पण जपानी माणूस तोंडावर नाही म्हणत नाही, हे तूच शिकवलेलंस, आणि कसं म्हणायचं ते शिकवायचं राहिलं. टर्रकन आवाज आला. (प्लास्टिकचा की केदारचा, सांगता येत नाही.)

मग आम्ही वरणभाताची ताटं मांडीवर घेऊन सिनेमा पाहिला. मावशी, इतका भंगार सिनेमा मी जन्मात पाहिला नाही. पण एका प्रसंगात नायिका पळता पळता हातगाडीवर आपटते, उठते आणि कॅमेऱ्याकडे बघून खुदकन हसते. मोरिनोसाननी तेवढंच पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा. आणखी एकदा. आधी हसत होते, नंतर चष्मा काढून डोळे पुसू लागले. केदारने त्यांचा हात धरला आणि तोही मुसमुसायला लागला. नंतर त्याने उठून उरलेली सगळी सीलं स्वतःच्या हाताने फोडली. लग्न झाल्यापासून हा माणूस मला इतका कधीच आवडला नव्हता.

काकांना नमस्कार सांग.
तुझी,
शरयू

ता. क. खरं काम राहिलंच. निघताना मोरिनोसान दारात म्हणाले, "अशिता कारा ओसेवा नि नारिमासु." त्यात 'सेवा' ऐकू आलं, म्हणजे काहीतरी चांगलंच असणार असं समजून मी तीनदा 'हाय, हाय' म्हणत होकार दिला. त्यांनी केदारला मिठीच मारली. या वाक्याचा अर्थ जरा कळव.

ता. क. २. राहू दे, कळला. दारात टॅक्सी उभी आहे आणि केदार त्यांची चौथी बॅग उतरवतोय. आता 'किती दिवस?' हे जपानीत नम्रपणे कसं विचारतात, तेवढं लगेच सांग. अंगठा पाठवू नकोस.