हिरव्या मेणखडूने

१२ मार्च

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. तू, भावजी आणि तुमचं शेंडेफळ मजेत असाल. मीही बरी आहे.

अक्षर बघून हसू नकोस. मेणखडूने लिहितेय, तोही हिरवा. इथल्या सगळ्या पेनांची शाई संपलीय.

फोनवर तुला अशक्तपणा म्हणाले होते ना, तो आता कमी आहे. जेवण अळणी असतं, पण वेळेवर मिळतं. शेजारच्या खाटेवरच्या आजी झोपेत कुणाशी तरी कडाकडा भांडतात आणि सकाळी मलाच विचारतात, जिंकलं कोण!

इथे एक सिस्टर आहेत, फाटक्या आवाजाच्या. रोज माझ्या हाताचं ड्रेसिंग बदलतात. पहिल्या दिवशी मी मन घट्ट करून बसले होते, आता ही बाई मला फैलावर घेणार म्हणून. त्या एवढंच म्हणाल्या, "दुखलं की सांग गं, थांबते मी." आणि खरंच थांबल्या. मी इतकी रडले की त्यांचा ॲप्रन ओला झाला. म्हणाल्या, "असू दे, धुवायलाच टाकायचाय."

हाताला काय झालं, हे तू विचारशीलच. ताई, शाई संपलेली नाही. टोकदार काही मला इथे देत नाहीत.

शिवणाच्या दुकानात कात्री लागली, इस्त्री लागली, असं मी सांगायचे आणि तू मला धांदरट म्हणायचीस. मग सगळं घरच म्हणायला लागलं. मला ते सोयीचं होतं. पण इतकी वर्षं लोकांचे कपडे बेतते, एकाही कापडावर माझी कात्री वाकडी गेली नाही गं. हातावरचं ते माझं मीच करायचे, आतला कोंडमारा सोसेनासा झाला की.

शनिवारी सोडतील, पण डॉक्टर म्हणतात, एवढ्यात एकटीने राहायचं नाही. तसं वाटायला लागलं की हाक मारायला माणूस हवं. तुझ्याकडे येऊ का? घरात काय काय उचलून ठेवायचं, ते सिस्टर तुला समजावतील. रागावलीस तरी चालेल, पण न्यायला तूच ये. मला फार भीती वाटतेय. बाही मी स्वतःच वर करीन, तू फक्त बघ.

सिस्टरनी आत्ता खिशातलं पेन पुढे केलंय. "सही तरी नीट कर," म्हणतात. शेजारीच बसल्यात.

तुझीच,
धांदरट कधीच नसलेली
धाकटी