पी वरून एन वर

सोम., १८ नोव्हें.
ह्यांना जाऊन दोन महिने. गाडी तेव्हापासून झाकून उभी. धाकटे दीर, शरदभाऊजी, खारघरहून फोनवर म्हणाले, विकून टाकू, तुम्ही कुठे चालवणार. हो म्हटलं. नाही म्हणायला कारण सुचेना.

गुरु., २१
भाऊजी मेकॅनिक घेऊन आले. दुसऱ्या बॅटरीवरून गाडी चालू करून तो गेला. गाडी बाहेर काढताना गेटातच भाऊजींनी गिअरचा लिव्हर पी वर, म्हणजे पार्किंगवर, टाकला, इंजिन बंद केलं, वॉचमनशी बोलायला उतरले. पुन्हा चालू होईना. बॅटरी मेलेली.

त्यातच बी विंगच्या मीटरबॉक्सने पेट घेतला. जिन्यात धूर. तिसऱ्या मजल्यावर सानेबाईंच्या सासूबाई, अंथरुणाला खिळलेल्या. बंब आला तो गेटाबाहेरच अडकला. पाइप तिथून पुरेना.

आठ जण ढकलत होते. वॉचमन म्हणाला, "ताई, चाकं जाम हायत, हलत नाय." बॅटरी मेली की ह्या ऑटोमॅटिक गाडीचा लिव्हर पी वरच अडकतो. भाऊजी ओढून ओढून लाल.

ह्यांच्याबरोबर करंजा बंदरावर मासळी आणायला गेले तेव्हा असंच झालेलं. ह्यांनी लिव्हर सोडवला, मी पिशवी धरून बघत होते. लिव्हरशेजारी छोटं झाकण असतं, त्याच्या आत टोकदार काहीतरी खुपसून दाबायचं, की लिव्हर सुटतो. आत डोकावले तर झाकणच दिसेना. मग आठवलं. गेल्या वर्षीच्या दसऱ्याला गाडीची पूजा केली तेव्हा मीच त्यावर शुभ-लाभचं स्टिकर चिकटवलं होतं. जागा सपाट म्हणून. हे बघत होते.

"भाऊजी, उतरा. पेन द्या."

दिलं.

नखाने स्टिकर खरवडलं. झाकण उचकटलं. पाय ब्रेकवर, जेमतेम पोचला. पेन दाबून लिव्हर ओढला. एन, न्यूट्रल. हँडब्रेक सोडला.

"ढकला."

गेली. बंब आत.

आजींना खुर्चीत बसवून खाली आणलं. सुखरूप. चहा मागत होत्या.

शुक्र., २२
सकाळपासून माणसं येतायत. सानेबाई हात धरून बसल्या. वॉचमन सगळ्यांना सांगतोय, आमच्या ताईंनी काढली. नख तुटलंय, ठणकतंय.
आनंद झालाय. दोन महिन्यांत असं लिहावं की नाही... झालाय पण.

रवि., २४
भाऊजींचा फोन. गिऱ्हाईक उद्या येणार. "वहिनी, काय सांगू त्याला?" नेहमी ठरवूनच सांगतात, आज विचारलं.
म्हटलं, आधी नवी बॅटरी बसवते.
"आणि मग?"
बघू म्हटलं.
संध्याकाळी खाली जाऊन ह्यांच्या जागेवर बसले. सीट दोन खाचा पुढे ओढली. आता पाय नीट पोचतो.